तीस पाढ्यांचं तळं

सर्व संबंधितांस, विशेषतः ठाणे शहराचा इतिहास लिहिण्याचा ज्यांना अधूनमधून झटका येतो अशा विद्वानांस, मी आज एक अत्यंत गंभीर बाब कळवतो आहे. ती आजवर कुठल्याही ग्रंथात, दप्तरात किंवा शिलालेखात आलेली नाही, कारण ती माझ्याशिवाय पुरती कुणाला ठाऊकच नव्हती. माझी सख्खी आत्या वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मोठ्या आजारातून उठून, पोहायला शिकली. आणि तिला भर तळ्यात बुडवण्याची संपूर्ण तयारी मी, वय वर्षे दहा, कुणाचीही मदत न घेता केली होती. वाचकांना हवं असल्यास त्यांनी इथे थोडं पाणी पिऊन घ्यावं.

आमचं घर तळ्याच्या काठावर होतं. ठाण्यात तेव्हा तळी इतकी होती की कुणाच्याही घरामागे एखादं निघायचं, त्यामुळे यात काही मोठेपणा नाही. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं असं दिसायचं की आई वाल सोलता सोलता कुणाची म्हैस पाण्यात उतरली, कोण पायऱ्यांवर धुणं आपटतंय आणि कोण नुसतंच गप्पा आपटतंय, याचं धावतं वर्णन करायची. पहाटे गिरणीचा भोंगा, मग धुण्याचा धपधप आवाज, मग मागच्या दाराशी गोदीमावशी कोळणीची हाक. आम्ही मासे खाणारे लोक. रेशनचा तांदूळ कसाही येवो, कालवण चांगलं झालं की नाना, म्हणजे माझे वडील, त्या तांदळाला माफ करायचे. आई वालाच्या बिरड्यात खोबरं घालताना हात आखडायची आणि कोलंबीत मात्र सढळ व्हायची. या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज होता तो इंदूआत्याचा. नानांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. ती माजघरातून "मध्या!" म्हणाली की पायऱ्यांवरच्या बायका धोपाटणं हवेत धरून वर बघायच्या, आणि त्यांच्यातली एखादी मला सांगायची, "जा रे बाबा, नाहीतर ती पुन्हा बोलवेल."

दिवाळीनंतर आत्याला प्लुरसी हे फुफ्फुसांचं दुखणं झालं आणि घरातला हा आवाज बंद पडला. दोन महिने ती खाटेवर होती. उठली तेव्हा बरी होती, पण दम गेला होता. वाक्य सुरू करायची आणि अर्ध्यावर दाराची चौकट धरून उभी राहायची. उरलेलं वाक्य आम्ही अंदाजाने पुरं करायचो आणि बहुतेक चुकीचं करायचो. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्या मोसंबी घेऊन भेटायला आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्या म्हणाल्या, "इंदूताई, जूनपासून वर्गाचा त्रास घेऊ नका. नकाशे, खडू, कपाटांच्या किल्ल्या, एवढं सांभाळा. शांत काम आहे." आत्या हसून "बरं" म्हणाली. त्या गेल्यावर मोसंबीची पिशवी तिने माझ्या अंगावर अशी टाकली की चेंडूफळीत असतो तर मी बाद झालो असतो.

पुढचं सगळं डॉक्टरांच्या एका वाक्याने घडवलं. ते नळी गुंडाळून पेटीत ठेवताना म्हणाले, "खरं म्हणजे फुफ्फुसांना पोहण्यासारखा व्यायाम नाही. पण ते काही तुम्हाला या वयात जमायचं नाही. तुम्ही आपल्या गच्चीत फेऱ्या मारा." दोन दिवस आत्याने गच्चीत फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी गोदीमावशी टोपली उतरवून बोंबलांचा वाटा लावत होती, तेव्हा आत्या मागच्या दारात जाऊन बसली आणि म्हणाली, "गोदाबाई, मला पोहायला शिकवाल?"

गोदीमावशीच्या हातातला बोंबील तसाच लोंबत राहिला. "तुना? पवायला?"

"मलाच."

"आगो बय," गोदीमावशीने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, अगदी मासा पाहावा तसं. "सुकल्येस पार. पन हाडं हलकी हायेत. तरशील."

आत नानांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "इंदू, अगं लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," आत्या म्हणाली, आणि मग थांबून, श्वास घेऊन, "त्यांना कुठे... दम लागतो."

होळी झाली आणि शिकवणी सुरू झाली. आत्याच्या अंगावर गोदीमावशीचं जुनं लुगडं, गुडघ्यापर्यंत घट्ट काष्टा, पाठीला सुंभाने बांधलेला वाळका भोपळा, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या पर्यवेक्षकांसारखा भाव. वेळ मोजायची कशी हा प्रश्न आला. घरात घड्याळ एकच, नानांच्या मनगटावरचं, आणि ते पाण्याच्या शंभर हातांच्या आत न्यायला बंदी होती. आत्याने निकाल दिला: "मध्या पायरीवर बसून पाढे म्हणेल. जितके पाढे, तितका वेळ. माझा दम वाढेल, त्याचे पाढे होतील." माझ्या आयुष्याचे इतके निर्णय माझ्या समोर आणि मला न विचारता झालेले आहेत की मला त्याचं नवल वाटलं नाही. मी पायरीवर बसलो आणि भसाड्या आवाजात सुरुवात केली. बे एके बे. आत्याने पाण्यात उडी घेतल्यासारखे हात मारले. बे दुणे चार, पाणी उसळलं. बे त्रिक सहा, भोपळा गोल फिरला. बे चोक आठ, आणि आत्या पायरीला चिकटून खोकत होती.

"आगो, तू पवतंस का मारामारी करतंस?" गोदीमावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून म्हणाली. "पान्यानं तुजा काय वाकडा केलाय? त्याच्याशी भांडू नको. सावकाश. बाजारातून भरली टोपली घेऊन घरी येतंस तशी ये."

पोहण्याचं सगळं शास्त्र या बाईने माझ्या आत्याला एवढ्याच भाषेत शिकवलं. पहिले आठ दिवस हात मारणं बंद. पायरी धरायची, पाय मागे सोडायचे, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढत श्वास सोडायचा आणि मान वळवून घ्यायचा. "कोंडू नको गो. सोडलास तं नवा येल." आत्या घरी परातीत पाणी घेऊन हाच अभ्यास करायची आणि आई दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की काही नाही, वन्सं तोंड धुताहेत. मग पायरी सुटली. मग बेचा अख्खा पाढा झाला. दर दोन-तीन दिवसांनी एक पाढा वाढवायचा, अंग दुखलं की वाढवायचा नाही, आणि गुरुवारी पाण्यात उतरायचंच नाही, कारण गोदीमावशीचं म्हणणं होतं की अंगालाही सुट्टी लागते, "तुमच्या साळंला कशी र्‍हाते?" पाचाच्या पाढ्याला भोपळा लहान केला, नवाच्या पाढ्याला काढून टाकला. तो भोपळा आईने देवघराच्या कोनाड्यात ठेवला आणि त्या वर्षभर आमच्या घरात भोपळ्याची भाजी झाली नाही. ज्याने नणंदेला तारलं त्याला फोडणी घालायला तिचा हात होईना.

बाराच्या पाढ्यावर मात्र गाडी अडली. बारा नवे आठोदरसे, बारा दाहे विसासे, हे ऐकलं की आत्याचे हात गळायचे. आठ दिवस ती रोज बारालाच थकून परत यायची. एका सकाळी मी पाहिलं, ती पायरीवर लुगडं पिळत बसली होती आणि पिळायचं थांबवून नुसती पाण्याकडे बघत होती. "झालं इतकंच असेल माझं," ती म्हणाली. गोदीमावशी तिच्याशेजारी बसली, तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाली, "आमी खाडीत दिसभर पवतू ती काय एका दमात? तीन पाढं पव, एक पाढा उतानी पड. आभाळ बघ. मग पुना तीन." दुसऱ्या दिवशी आत्या सोळापर्यंत गेली. त्या दिवशी घरी येऊन तिने सात घावन खाल्ले, वर कालचं कालवण पुसून घेतलं, आणि आईला म्हणाली, "वहिनी, अजून आहेत?" आईने तव्याकडे तोंड करून डोळे पुसले. आजारानंतर आत्याने दुसऱ्यांदा वाढून मागितलेलं ते पहिलं जेवण.

इथे मला माझ्या गुन्ह्याकडे वळायला हवं. मला सतराचा पाढा येत नव्हता. एकोणीसचा येत नव्हता. तेवीस, सव्वीस, सत्तावीस आणि एकोणतीस हे पाढे कुण्या दुष्टाने मुलांच्या छळासाठीच रचले आहेत असं माझं मत होतं आणि आज, माझ्या मुलाच्या खिशात गुणाकार करणारं जपानी यंत्र असताना, ते अधिकच पक्कं झालं आहे. पण गणिताच्या बाईंच्या भाच्याने हे कबूल कसं करायचं? तेव्हा मी एक युक्ती काढली. पोहणाऱ्याच्या कानात पाणी असतं; त्याला पाढ्याचा सूर ऐकू येतो, आकडे येत नाहीत. शिवाय कुठलाही पाढा आला नाही तरी त्याचं पहिलं आणि शेवटचं पाऊल गाढवालाही येतं. मी खणखणीत आवाजात म्हणायचो, "सतरा एके सतरा!" मग तोंडातल्या तोंडात थोडी गुणगुण, आणि लगेच पुन्हा खणखणीत, "सतरा दाहे एकशे सत्तर!" असे सहाच्या सहा पाढे मी दोन-दोन पावलांत उरकायचो. आत्याला वाटायचं तिने सतरा केला, एकोणीस केला. माझ्या मते यात कुणाचंच नुकसान नव्हतं. ती खूश, मी सुखी.

मे महिन्याच्या शेवटी आत्या, माझ्या हिशेबाने, तीसच्या पाढ्याला पोचली. तळं उन्हाने थोडं आखडलं होतं, तरी मध्ये दोन पुरुष पाणी होतं. त्या रविवारी तिने गोदीमावशीला सावकाश, आपल्याच गतीने, या काठापासून समोरच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जायला सांगितलं आणि स्वतः काठावर उभी राहून पाढे म्हटले. आत्याने म्हटलेले पाढे म्हणजे सतरा दुणे चौतीससकट. गोदीमावशीने पलीकडच्या पायरीला हात लावला तेव्हा आत्या बरोब्बर तीस दाहे तीनशे म्हणत होती.

रात्रीच्या जेवणाला तिने जाहीर केलं, "उद्या सोमवार. मोठ्या बाई आठ वाजता देवळात बेल वाहायला येतात. त्यांच्या डोळ्यांदेखत मी तळं पार करून जाणार, आणि पायरीवर चढून वर्ग परत मागणार. तळं तीस पाढ्यांचं आहे. माझा दम तीस पाढ्यांचा आहे."

"थांबणार कुठे?" नानांनी विचारलं.

"थांबायची गरजच नाही."

मी ताटातल्या कोलंबीकडे पाहिलं. कोलंबी माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं माहीत होतं. आत्याचे तीस खरे होते आणि माझे तीस खोटे, आणि या दोन तिसांमधलं पाणी दोन पुरुष खोल होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. आजही मी तळ्याकाठी, डॉक्टरांच्या हुकमाने, तीन फेऱ्या मारतो, तेव्हा एका विशिष्ट वळणावर तीच कोलंबी माझ्याकडे पाहते. मी तोंड उघडलं, आणि "अजून भात" म्हणालो.

सोमवारी सकाळी पाणी आरशासारखं पडलं होतं. गोदीमावशी टॉवेल आणि कोरडं पातळ घेऊन पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली होती. नाना आणि आई घराच्या खिडकीत. मी अलीकडच्या पायरीवर. देवळाच्या दारात मोठ्या बाईंचं पांढरं पातळ दिसलं आणि आत्या म्हणाली, "हं, मध्या." मी ठरवलं होतं की आज एकही पाऊल गाळायचं नाही, सावकाश म्हणायचं. पण सतरा आला आणि माझी जीभ सवयीप्रमाणे उडी मारून पुढे गेली. जे येतच नाही ते सावकाश तरी कसं म्हणणार? आत्या किती सुंदर जात होती! हात उघडायची, मिटायची, पाणी तिच्या मानेपाशी दुभंगायचं. तीन पाढे पोहायची, एक पाढा उताणी पडायची, घरी खाटेवर पडावी तशी. एकोणतीस एके एकोणतीस, गुणगुण, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. आणि मग, कितीही लांबवला तरी, तीस दाहे तीनशे.

आत्याने पायरीसाठी हात पुढे केला. तिथे पाणी होतं. पायरी चौथाई तळं पुढे होती.

ती थांबली. उभ्याने पाणी तुडवत तिने समोर पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तिचं डोकं हनुवटीपर्यंत खाली गेलं आणि वर आलं. पलीकडे गोदीमावशी उठली आणि तिने पदर खोचला. खिडकीतून आईची किंकाळी आली. मोठ्या बाई हातात बेलाची पानं धरून तळ्याच्या कडेला धावत आल्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: पाढे थांबले म्हणून आत्या थांबली. पाढे चालू राहिले पाहिजेत. पण तीसच्या पुढे पाढे नसतात! पावकी-निमकी हे अपूर्णांकांचे पाढे मला येतात असा घरात समज होता, पण तोही मीच पसरवलेला. तेव्हा मी उभा राहिलो आणि जगात कुणी म्हटला नसेल तो पाढा जागच्या जागी पाडायला घेतला.

"एकतीस एके एकतीस! एकतीस दुणे बासष्ट! एकतीस त्रिक त्र्याण्णव! एकतीस चोक... एकशे बावीस!"

तळ्याच्या मध्यातून जो आवाज आला तो मी दिवाळीनंतर ऐकला नव्हता. "एकशे चोवीस! आणि सतरा दुण्यापासून सतरा नव्वापर्यंत सगळं कुठे गिळलंस रे, चोरा?"

देवळावरची कबुतरं उडाली. पायऱ्यांवरच्या बायकांची धोपाटणी हवेत थांबली. एका दमात, कुठेही न थांबता, पाण्यात उभी राहून बोललेलं ते वाक्य होतं. आणि बोलून झाल्यावर आत्या वळली आणि रागारागाने चार हात पुढे गेली.

ते चार हात मी पाहिले. "एकतीस साते दोनशे एकवीस!" ही चूकसुद्धा माझी खरीखुरी होती. "दोनशे सतरा, गाढवा!" आणि आत्या आणखी पुढे. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळ केवढं मोठं इंजिन आहे. यापुढचं पाप मी पूर्ण शुद्धीत केलं. "एकतीस नवे तीनशे दहा!" "तीनशे दहा दाहेला येतात! दोनशे एकोणऐंशी!" "बत्तीस दुणे सत्तर!" "चौसष्ट! घरी ये तू, मध्या, आज तुला बघते!" प्रत्येक चुकीला तिचा आवाज खणखणायचा, आणि प्रत्येक खणखणाटानंतर पायरी दोन हात जवळ यायची. गोदीमावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती, इतकी की टॉवेलचं टोक पाण्यात भिजत होतं. बत्तीस पंचे एकशे साठ मी अचूक म्हटलं, कारण तेव्हा आत्याचा हात दगडावर होता.

मी तळ्याला वळसा घालून पळत सुटलो. पोचलो तेव्हा मला बोलता येईना. कंबर धरून वाकून उभा राहिलो. आत्या पायरीवर ताठ उभी होती. गोदीमावशीच्या लुगड्यातून पाण्याचे ओघळ देवळाच्या फरशीवर चालले होते, केसांत शेवाळ होतं, आणि समोर मोठ्या बाई बेलाची पानं छातीशी धरून तिच्याकडे बघत होत्या.

"नमस्कार मोठ्या बाई," आत्या म्हणाली, आणि सबंध वाक्यात तिने एकदाही श्वासासाठी थांबा घेतला नाही, "येत्या सोमवारी शाळा उघडते आहे तेव्हा पाचवी ब आणि सहावी अ या दोन्ही वर्गांचं गणित नेहमीप्रमाणे माझ्याकडे ठेवा, कपाटांच्या किल्ल्या ज्यांना शांत काम हवं असेल त्यांना द्या, आणि तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ताच तुमच्याबरोबर येऊन वेळापत्रक बघते."

मोठ्या बाईंच्या हातातली बेलाची पानं खाली पडली, आणि त्या एकदम ओरडल्या, "अहो, पण निदान कोरड्या तरी व्हा!"